जुन्या सायकलचं चाक: आउट काढायचा, रिम बदलायची की अख्खं चाक?

जुनी सायकल हाती आली की जवळजवळ प्रत्येकजण पहिली गोष्ट एकच करतो. मागचं चाक उचलायचं, पेडल मारून गरगर फिरवायचं आणि ब्रेकच्या रबराजवळ डोळा लावायचा. रिम डावीकडे झुकते, उजवीकडे झुकते, मध्येच रबराला घासून ‘खर्र’ करते. लगेच निकाल लागतो: ‘चाक गेलं. नवं घ्यावं लागणार.’

हा निकाल बऱ्याचदा चुकतो. पण ‘थोडा आउट (म्हणजे रिमचा डोल) आहे, काढला की झालं’ हा निकालही तितकाच चुकू शकतो, आणि मी त्या बाजूने चुकलो होतो. माझ्या पहिल्या जुन्या सायकलच्या मागच्या चाकाचा आउट मी दोन संध्याकाळी बसून काढला. रिम इतकी सरळ झाली की घरी येईल त्याला फिरवून दाखवायचो. तीन आठवड्यांत एकाच जागचे तीन स्पोक तुटले. खड्ड्यात आपटून रिमला कायमचा बाक आला होता आणि मी तो स्पोक करकचून आवळून दाबून धरला होता. चाक सरळ दिसत होतं एवढंच.

तेव्हापासून मी चाकाकडे एक वस्तू म्हणून बघणं सोडलं. हब (चाकाचा मधला भाग), स्पोक आणि रिम अशा या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांचं आयुष्य वेगळं असतं आणि तिघांचा निकाल वेगवेगळा लावावा लागतो. हब नीट ठेवलं तर पिढ्या काढतं. रिम झिजते, गंजते, वाकते. स्पोक थकतात. त्यामुळे ‘दुरुस्त की बदल’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘यातलं काय ठेवायचं’ असं निघतं.

त्याआधी एक प्रश्न

सायकल चालवायची आहे की जपून ठेवायची आहे? नुसती उभी करून ठेवायची असेल तर गंजलेली मूळ रिमसुद्धा मोलाची. ती पुसा, तेलाचा हात फिरवा आणि हा लेख इथेच सोडा. चालवायची असेल तर नियम कडक होतात, पुढच्या चाकाला जास्तच. मागचं चाक फसलं तर सायकल घसटत थांबते. पुढचं फसलं तर माणूस हँडलवरून जातो.

पायरी १: चाक उघडं करा

टायर, ट्यूब आणि रिमच्या आतली पट्टी काढा. टायरवरचा आकडा आधी लिहून घ्या, पुढे लागणार आहे. आता रिमच्या आतल्या बाजूला, म्हणजे एरवी ट्यूबखाली झाकलेल्या भागात बघा. बाहेरून क्रोम आरशासारखं चमकणाऱ्या रिमची आतली बाजू पापुद्रे सुटून आलेली मी पाहिली आहे. पाणी व्हॉल्व्हच्या आणि स्पोकच्या भोकांतून आत शिरतं आणि तिथेच बसून राहतं.

वरवरच्या गंजाला घाबरू नका. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून क्रोमवर घासला तर पुष्कळसा लाल थर निघून जातो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे पडत नाहीत. निपल, म्हणजे स्पोक रिमला धरून ठेवणारी छोटी नट, तिच्याभोवतीचा गंज मात्र तारेच्या ब्रशने साफ करून टोकदार वस्तूने टोचून बघा. टोक आत रुतलं किंवा पापुद्रा निघाला तर त्या रिमवर रस्त्यावर भरवसा ठेवू नका.

पायरी २: हब

इथे घाई नको, कारण चाक वाचवायचं की नाही हे बरंचसं हबवर ठरतं. एक्सलचं, म्हणजे हबमधून आरपार जाणाऱ्या दांड्याचं, टोक दोन बोटांत धरा आणि अगदी सावकाश फिरवा. तीनपैकी एक अनुभव येईल. गुळगुळीत फिरलं तर छान. वाळू भरल्यासारखी करकर जाणवली तर बहुधा ग्रीस सुकलंय आणि छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) खराब झालेत, तेवढं बदललं की काम होतं. पण प्रत्येक फेरीत ठरावीक जागी अडकून पुढे सरकल्यासारखं वाटलं, तर कोन (एक्सलवरचा) किंवा कप (हबमधला), ज्यांच्यामध्ये छर्रे फिरतात, त्यांना खड्डे पडलेत.

हब उघडताना खाली पसरट ताट ठेवा. छर्रे हमखास पळतात, आणि किती होते हे नंतर कुणालाच आठवत नाही. मोजून घ्या. जुन्या सायकलींत सहसा मागे पाव इंची छर्रे असतात, एका बाजूला नऊ. पुढे ३/१६ इंची, एका बाजूला दहा. एखादाच खराब दिसला तरी दोन्ही बाजूंचे सगळे बदला. जुन्या-नव्यांत केसाएवढा फरक असला तरी भार मोठ्या छर्ऱ्यांवर जातो.

कोनवर छर्ऱ्यांची चकचकीत वाट उमटलेली असेल तर ती चालते. बॉलपेनचं टोक त्या वाटेवरून फिरवा. टोक कुठे अडखळलं तर तिथे खड्डा आहे. कोन बदलता येतो, आटे जुळले पाहिजेत इतकंच. कप मात्र हबमध्ये ठोकून बसवलेला असतो आणि तो बदलणं जिकिरीचं काम. शेवटी हबच्या कडांवर, जिथे स्पोकची भोकं आहेत तिथे, दोन भोकांना जोडणारी बारीक चीर दिसते का ते उजेडात बघा. चीर दिसली तर ते हब चालवायच्या चाकातून बाद.

अंतर्गत गिअरचं हब असेल तर ते उघडायच्या आधी दहादा विचार करा. स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं ‘एडब्ल्यू’ हब १९३६ साली आलं आणि पुढे कित्येक दशकं बनत राहिलं. त्या कंपनीच्या बहुतेक जुन्या हबच्या कवचावर सालाचे आकडे ठोकलेले असतात. सायकलचं वय काढायला तो सगळ्यात सोपा पुरावा, अर्थात चाक मधे कुणी बदललेलं नसेल तर. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असं हब मेलेलं वाटतं, पण पुष्कळदा ते नुसतं कोरडं पडलेलं असतं. तेल घालायच्या भोकातून पातळ तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी फिरवा. याच घराण्यातलं डायनोहब, म्हणजे हबमध्येच दिव्याचा डायनॅमो असलेलं, हाती लागलं तर आतली चुंबकाची रिंग सहज म्हणून ओढून काढू नका. ती मधल्या गाभ्यापासून मोकळी झाली की चुंबकाची ताकद उतरते आणि दिवा कायमचा मंदावतो.

पायरी ३: स्पोक वाजवा

सायकलचं चाक स्पोकच्या ताणावर उभं असतं. जेम्स स्टार्ली यांनी हबच्या कडेला तिरके जोडलेले, एकमेकांना छेदणारे स्पोक असलेल्या चाकाचं पेटंट १८७४ साली घेतलं, आणि आजही बहुतेक चाकं त्याच तत्त्वावर बांधली जातात. प्रत्येक स्पोक रिमला आपल्याकडे ओढतो आणि सगळ्यांची ओढाताण सारखी असेल तर रिम मधोमध स्थिर राहते. म्हणून रिम कुठे जाते ते बघण्याआधी स्पोक काय म्हणतात ते ऐका.

चाक उभं धरून एकेक स्पोक नखाने छेडा. पुढच्या चाकाचे सगळे साधारण एका सुरात वाजले पाहिजेत. मागच्या चाकात दोन बाजूंचे सूर वेगळे येतात. फ्रीव्हीलच्या, म्हणजे साखळी बसते त्या दातेरी चक्राच्या, बाजूचे स्पोक जास्त ताणलेले असतात, म्हणून तिथला सूर चढा. तुलना एका बाजूची त्याच बाजूशी करा. मधेच एखादा ‘टण्ण’ आणि शेजारचा ‘थप्प’ वाजला तर तिथे खडूने खूण करा.

माझ्या त्या फसलेल्या चाकात मी हेच केलं असतं तर ओळीने तीन कर्कश आणि त्यांच्या आजूबाजूला चार मुके स्पोक सापडले असते. रिम सरळ आणि सूर बेसूर असेल तर कुणीतरी वाकलेली रिम ताणून धरली आहे असं खुशाल समजा.

स्पोक तुटलेले असतील तर कुठून तुटले ते बघा. दगड किंवा काठी अडकून मधेच तुटला असेल तर तो अपघात. तेवढा एक बदला आणि विसरा. हबजवळच्या वळणावर तुटला असेल तर तो थकून तुटला, आणि त्याचे भाऊबंदही तितकेच थकलेत. एकापाठोपाठ दोन-तीन असे गेले की एकेक बदलत बसण्यात अर्थ नाही, सगळेच नवे घाला.

आता निपल. दोन दिवस आधी प्रत्येक निपलच्या दोन्ही टोकांना गंज सोडवणारं तेल लावा. मग नेमक्या मापाच्या चावीने पाव फेरी फिरवून बघा. सैल मापाची चावी निपलचे कोपरे गोल करून टाकते आणि मग कशानेच फिरवता येत नाही. चावी फिरते तसा स्पोकही पिळला जात असेल तर निपल जाम आहे. स्पोक चिमटीत धरला की हा पीळ बोटांना लगेच जाणवतो. चार-पाच जाम निपल असतील तर कापून नवे स्पोक घालता येतात. निम्मे जाम असतील तर आउट काढायचा विचारच सोडा.

पायरी ४: रिम

चाक सायकलला लावा. सायकल उलटी करा आणि फ्रेमला एक प्लास्टिकची पट्टी अशी बांधा की तिचं टोक रिमला जेमतेम टेकेल. चाक फिरवा. दोन वेगळ्या गोष्टी वेगवेगळ्या टिपायच्या आहेत: रिम डावी-उजवीकडे किती जाते आणि वर-खाली किती उडते. डावी-उजवीकडचा आउट बहुधा निघतो. उडणारी रिम जास्त चिवट.

यात ब्रेकचा प्रकारही बघावा लागतो. तारेने ओढले जाणारे, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे ब्रेक असतील तर आडवा आउट नडतो. पण जुन्या भारदस्त सायकलींत तारेऐवजी लोखंडी सळयांनी ओढले जाणारे ब्रेक असत. त्यांची रबरं रिमच्या हबकडच्या पृष्ठभागावर दाबली जातात. तिथे दोन मिलिमीटर आडवा डोल खपून जातो. रिम उडत असेल तर मात्र ब्रेक दर फेरीला एकदा हिसका देतो.

खरा प्रश्न असा: बाक स्पोकमुळे आहे की रिमचाच आहे? याचं उत्तर मिळवायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. व्हॉल्व्हच्या भोकापासून सुरुवात करून सगळे निपल अर्धी-अर्धी फेरी सैल करत जा, अनेक फेऱ्यांत, स्पोक पूर्ण ढिले होईपर्यंत. एकाच ठिकाणचे आधी सोडू नका. ताण गेला की रिम तिच्या मूळ आकारात येते. आता ती सपाट फरशीवर किंवा काचेवर ठेवता येईल अशी हबपासून मोकळी करा, किंवा नुसती डोळ्यांसमोर धरून बघा. सपाट बसली तर दोष स्पोकच्या ताणाचा होता, चाक वाचलं. आठाच्या आकड्यासारखी पिळलेलीच राहिली तर ती गेली. मधल्या अवस्थेत, म्हणजे साधारण तीन-चार मिलिमीटर उचललेली राहिली आणि रिम पोलादी असेल, तर ती गुडघ्यावर धरून हाताने हलकेच उलट वाकवून बघायला हरकत नाही. हा माझा ढोबळ हिशोब आहे, शास्त्र नव्हे.

ॲल्युमिनियमच्या रिमबाबत मी हे धाडस करत नाही. पोलाद वाकवलेलं बरंच सहन करतं. ॲल्युमिनियम एकदा वाकलं की परत सरळ करताना तडकू शकतं, आणि ती चीर लगेच दिसतेच असं नाही. निपलच्या भोकांभोवती चांदणीसारख्या बारीक रेषा दिसल्या तर रिम बदलायची, वाद नाही. ब्रेक घासण्याची जागाही तपासा. सरळ पट्टी टेकवली आणि मधे उजेडाची फट दिसली तर भिंत झिजून खोलगट झालीय. ती पातळ भिंत टायरच्या हवेच्या दाबाने एक दिवस बाहेर उघडते.

दगडावर आपटून रिमची कडा बाहेर वळली असेल तर पोलादी रिमला ती पान्यात धरून, मधे चामड्याचा तुकडा घालून, हळूहळू आत दाबता येते. तिथे ब्रेक थोडा ‘टक्’ करेल. एवढं चालवून घ्यायचं.

मग निकाल काय?

हब चांगलं, रिम सपाट, निपल फिरतात: आउट काढा. हब चांगलं, पण रिम गेली किंवा स्पोक थकले: हब ठेवा, बाकी नवं. हब साधं आणि कपला खड्डे पडलेले, रिमही गेलेली: अख्खं चाक बदला, त्यात हळहळण्यासारखं काही नाही. हब दुर्मिळ असेल आणि थोडं खराब असेल तर ते बाजूला जपून ठेवा आणि सायकल दुसऱ्या चाकावर चालवा.

आउट काढायचा असेल तर

निपल कुठल्या दिशेने आवळतो यात नवखा माणूस पहिल्याच दिवशी गोंधळतो. टायरच्या बाजूने, म्हणजे रिमच्या बाहेरून हबकडे बघतोय अशी कल्पना करा. तिथून घड्याळाच्या दिशेने फिरवलं की आवळतो. चावी आतल्या बाजूने लागत असल्यामुळे हाताला ते उलटं वाटतं.

आधी सगळ्यांचा सूर जुळवा, मग उडणं काढा, मग आडवा आउट. रिम डावीकडे जात असेल तर तिथले उजवे स्पोक पाव फेरी आवळा आणि डावे पाव फेरी सोडा. नुसतं आवळत सुटलात तर रिम त्या जागी हबकडे ओढली जाते आणि उडायला लागते. एका वेळी पाव फेरी, जास्तीत जास्त अर्धी. अधूनमधून समांतर जाणारे दोन-दोन स्पोक मुठीत धरून दाबा. कडकड आवाज येईल. पिळलेले स्पोक मोकळे होऊन आपल्या जागी बसत असतात, घाबरू नका.

जुन्या पोलादी रिममध्ये एक मिलिमीटरचा आउट राहिला तर तो तसाच राहू द्या. जोडाची जागा थोडी उडतेच, तिच्या मागे लागून मी एक चांगलं चाक बिघडवलं आहे.

रिम बदलायची असेल तर

सगळ्यात आधी फ्रीव्हील काढा, स्पोक कापायच्या आधी. स्पोक कापले की फ्रीव्हील सोडवायला धरायला चाकच उरत नाही, आणि मग ते हबवर घट्ट बसून तुमच्याकडे बघत राहतं. दुसरं, ताणलेले स्पोक एकदम कापू नका, आधी सैल करा.

मग भोकं मोजा. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींत पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असत. नंतरच्या काळात दोन्ही चाकांना ३६ रूढ झाले. ४० भोकांचं हब असेल तर ४० भोकांचीच रिम शोधा.

मापाची गंमत तर विचारू नका. ‘२६ इंची’ या एका नावाखाली ५५९, ५७१, ५८४, ५९० आणि ५९७ मिलिमीटर व्यासाच्या रिम निघतात. ‘२८ इंची’ म्हणताना कुणाच्या डोक्यात ६३५ असतं, कुणाच्या ६२२, कुणाच्या ६४२. इंचांवर विसंबू नका. टायरवरचा ‘३७-५९०’ किंवा ‘४०-६३५’ असा आकडा शोधा. पहिला भाग टायरची रुंदी, दुसरा टायरची कडा रिमवर जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. २७ इंची म्हणजे ६३० आणि ७००सी म्हणजे ६२२, फरक फक्त ८ मिलिमीटरचा, तरी एकाचा टायर दुसऱ्यावर चालत नाही.

सळयांचे ब्रेक असतील तर रिमचा छेदही बघा. त्यांना वेस्टवुड घाटाची, म्हणजे आतल्या बाजूला रबर टेकायला दोन्हीकडे गोलसर पट्टा असलेली रिम लागते. चिमट्याच्या ब्रेकसाठी बनलेली सपाट बाजूंची रिम लावलीत तर रबराला टेकायला जागाच राहत नाही. ब्रेक चिमट्याचेच असतील आणि सायकल रोज चालवायची असेल तर मी पोलादाऐवजी ॲल्युमिनियमची रिम घेतो. ओल्या पोलादी रिमवर ब्रेक किती उशिरा लागतो हे उतारावर एकदा अनुभवलं की क्रोमचा मोह सुटतो.

स्पोक धडधाकट असतील आणि नव्या रिमची खोली जुनीइतकीच असेल तर चाक नव्याने बांधायची विद्या शिकावी लागत नाही. ताण काढा, नवी रिम जुनीला लागून ठेवा, व्हॉल्व्हची भोकं समोरासमोर आणा आणि तीन-चार ठिकाणी चिकटपट्टीने बांधा. शेजारशेजारची भोकं एक डावीकडे, एक उजवीकडे झुकलेली असतात. तो क्रम दोन्ही रिममध्ये सारखा आहे ना ते इथेच तपासा. मग एकेक स्पोक जुन्या रिममधून सोडवून नव्या रिमच्या त्याच भोकात घाला. शेवटचा स्पोक गेला की जुनी रिम आपोआप मोकळी होऊन हातात येते. स्पोकची लांबी बदलणार असेल तर मात्र मोजमाप करून नवे स्पोक घ्या. जुने दोन मिलिमीटर जाडीचे असतील तर नवेही तेवढ्याच जाडीचे घ्या, हबची भोकं त्याच मापाची असतात.

अख्खं चाक घ्यायचं असेल तर

व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही. फ्रेमच्या मागच्या चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक जिथे बसतं तिथल्या, दोन टोकांमधलं अंतर मोजा. जुन्या फ्रेममध्ये ते ११४, १२० किंवा १२६ मिलिमीटर असू शकतं, तर नंतरची हब १३० आणि १३५ची आहेत. पोलादी फ्रेम थोडी फाकवता येते, पण ते काम ज्याला येतं त्याच्याकडूनच करून घ्या. ॲल्युमिनियमची फ्रेम अजिबात फाकवू नका. पुढेही जुना चिमटा १०० मिलिमीटरपेक्षा अरुंद निघू शकतो.

जुनं फ्रीव्हील नव्या हबवर चढवणार असाल तर आटे बघा. इंग्लिश पद्धतीचे १.३७० इंच व्यासाचे, इंचाला २४. जुने फ्रेंच ३४.७ मिलिमीटरचे, एक मिलिमीटर अंतराचे. दोन्ही इतके जवळचे आहेत की एक-दोन फेऱ्या सहज जातात आणि माणूस फसतो. हाताने फिरत नसेल तर पाना लावू नका, हबचे आटे जातील.

चाक कुठल्याही मार्गाने तयार झालं तरी पहिल्या ५० किलोमीटरनंतर ते पुन्हा उलटं करा. नवे स्पोक आपल्या जागी बसताना थोडे सैल पडतात. नखाने एकेक छेडत फेरी पूर्ण करा, जिथे सूर उतरलाय तिथे पाव फेरी द्या. काढलेलं जुनं हब पुसून, तेल लावून, कुठल्या सायकलचं ते कागदावर लिहून त्यालाच बांधून ठेवा.